वही दुसरी

३ सप्टेंबर २०२४
पहिली वही भरली. विसरतो म्हणून सगळं लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. स्कूटरवरून पडलो त्याला दोन वर्षं झाली. टाके केसांत लपले, त्यामुळे भेटेल तो म्हणतो, "सर, आता अगदी ठणठणीत!" फळ्यावर गणित मांडून मुलांकडे वळलो की कुठल्या पायरीवर होतो तेच निसटतं. दुपारी एकनंतर डोकं बधिर. परवाच्या सीटी स्कॅनमध्ये काही नाही. झटक्याने मेंदूतले बारीक तंतू ताणून तुटतात, ते त्यात बहुधा दिसतच नाहीत म्हणे.

७ सप्टेंबर
गणपती बसले. आरत्या तोंडपाठ, एक शब्द चुकला नाही. पण हाताने प्रसाद दिलेल्या शेजाऱ्यांना परत विचारलं, "कधी आलात?"
हिने मोदकांचं सारण हलवायला बसवलं. ते करपलं. ही धावत आली तेव्हा कळलं. पडलो तेव्हाच नाकाच्या वरचे वासाचे धागे तुटले. वहीत आधीच लिहिलंय: गॅसपाशी एकट्याने थांबायचं नाही.

१० सप्टेंबर
गल्लीत ढोल. त्यात धाकट्याने दोनदा हाक मारली आणि मी ताम्हन भिंतीवर भिरकावलं. रात्री ही म्हणाली, "अहो, तुम्ही असे नव्हतात हो." कपाळामागचा मेंदू रागाला लगाम घालतो, माझा तोच आपटलाय. हे मला समजतं. दाराआड उभ्या नऊ वर्षांच्या पोराला कसं समजावं?

१३ सप्टेंबर
१८४८ साली आजच्याच तारखेला अमेरिकेत व्हरमाँटमध्ये फिनिअस गेज नावाच्या रेल्वे मुकादमाच्या डोक्यातून सहा किलोंची पहार आरपार गेली. तो जगला, पण ओळखीच्यांना तो पूर्वीचा वाटेना. बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. पुढे चिलीत त्याने कित्येक वर्षं घोडागाडी हाकली. तोच रस्ता, तेच थांबे. १८६० मध्ये फिट्स येऊन गेला.
माझी फिटची गोळी: सकाळी आठ, रात्री आठ.
ढोल सुरू होण्याआधी आतल्या खोलीत जाणे.
ताम्हनाला पोचा आलाय. तांबटाकडे नेणे. धाकटा सोबत येतो का, विचारणे.