दोऱ्याचा रंग

रंगांच्या बाबतीत मी जन्मजात कारकून आहे. काळा, निळा, तांबडा आणि 'इतर' अशी माझ्या डोक्यात चारच खाती आहेत आणि जगातले बहुतेक रंग चौथ्या खात्यात जमा होतात. सौभाग्यवतीचं तसं नाही. ती आमसुली आणि डाळिंबी यांच्यात पाऊण तास घालवते, दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास न ठेवता साडी दारात उजेडाला नेते, आणि मी तोवर पिशव्या सांभाळत उभा असतो.

तर डिसेंबरात मेहुणीची मुलगी पॅरिसहून आली. तिथं नोकरी करते. खांद्याला एक छोटी कातडी पर्स.

"एर्मेसची आहे, काका. सेकंडहँड." लिहिताना सुरुवातीला एच, म्हणताना गायब. या घराण्यानं १८३७ साली पॅरिसात घोड्यांचं चामडी सामान शिवायला सुरुवात केली, हेही तिनं सांगितलं. किंमत तिनं सांगितली नाही आणि मी विचारली नाही. तसले आकडे मी फक्त कर्जाच्या अर्जावर पाहतो.

"छान आहे गं ब्राउन पर्स," मी म्हणालो.

"ब्राउन? अहो, डोळे तपासून घ्या. करडी आहे," ही म्हणाली.

"दोन्ही नाही," भाची म्हणाली. "हा एतूप."

एतूप म्हणजे जवसाचा किंवा तसलाच वाख काढल्यावर उरणारा चोथा. दुसरा रंग एतँ, म्हणजे कथील. तिसरा ग्री तूर्तरेल, म्हणजे होल्याच्या पिसांचा करडा. मला हसू आलं. लाखांच्या पर्सला नाव कशाचं, तर चोथ्याचं आणि कल्हईचं! पण ही शांतपणे म्हणाली, "त्यात काय? आपण पारवा म्हणतोच की. राखाडी राखेवरून आणि तपकिरी तपकिरीवरून." एकंदरीत पॅरिस आणि आमचं स्वयंपाकघर यांचं दोन मिनिटांत जमलं. बाहेर राहिलो तो मी.

मग शिकवणी झाली. एतूप संध्याकाळी दिव्याखाली तपकिरी वाटतो आणि बाहेर सावलीत करडा. एतँ गडद, करड्याकडे झुकणारा. तूर्तरेल सगळ्यांत फिका. त्यातही तोगो नावाच्या दाणेदार कातड्यावर तोच रंग एक दिसतो आणि एप्सम नावाच्या, बारीक नक्षी दाबलेल्या कातड्यावर वेगळा. मी शरणचिठ्ठी दिली तेव्हा ती म्हणाली, "काका, रंग कळत नसेल तर शिवण बघायची. एतूपला बहुधा पांढरा दोरा असतो, एतँला कातड्याच्याच रंगाचा."

हे कारकुनाला पटण्यासारखं होतं. सही जुळत नसेल तर आम्हीही इतर खुणा बघतो.

पण अपमान सलत होता. "रंगांवर माझी भाकरी चालते," मी ठणकावलं. "२०१६ पासूनची पाचशेची नोट, रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्याप्रमाणे, दगडी करडी. २०१८ पासूनची दहाची चॉकलेटी. दिवसभर करडं नि तपकिरीच मोजतो मी. कधी गफलत नाही!"

"त्यावर आकडा छापलेला असतो," ही म्हणाली.

आमची शाखा फोर्टात. हॉर्निमन सर्कलला या एर्मेसवाल्यांचं दुकान २०११ साली उघडलं, तेव्हापासून मी डबा खाऊन त्यावरून शतपावली करत आलो आहे. दुसऱ्या दिवशी प्रथमच काचेशी थांबलो. आत करडं का तपकिरी असं काहीतरी होतं. दारावरच्या गृहस्थाचा कोट माझ्या लग्नातल्या सुटापेक्षा चांगला असल्यामुळं शिवण बघायला आत गेलो नाही.

रात्री भाची झोपल्यावर हिनं विचारलं, "बरं, माझी पर्स कोणत्या रंगाची आहे? न बघता सांगा."

रोज लोकलला नेते ती पर्स. मी तत्काळ उत्तरलो, "राखाडी."

ही काही बोलली नाही. बायको बोलते तेव्हा काळजी नसते.

"तुम्हीच आणली होतीत," शेवटी म्हणाली. "२०१० च्या वेतनकराराचे एरिअर्स मिळाले तेव्हा. एकटे जाऊन. चॉकलेटी."

मी पर्स दिव्याखाली घेतली. राखाडीच दिसत होती. झाकण उचललं, तर आत, जिथं पाऊस आणि गर्दी पोचली नव्हती, तिथं दोन बोटं रुंद चॉकलेटी पट्टा होता. मग शिवण पाहिली. मूळ दोरा तपकिरी. पट्ट्यापाशी काळा. चेनीजवळ पांढरा. एका कोपऱ्यात निळासुद्धा. इतक्या वेळा ही पर्स स्टेशनबाहेर दुरुस्तीला गेली होती आणि मला एकदाही कळलं नव्हतं.

"नवी घेऊ," मी म्हणालो.

"नको. पट्टा उसवलाय तेवढा बघा."

सकाळी स्टेशनबाहेरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांसमोर पर्स ठेवली. त्यांनी पर्स ओळखली, मला नाही. "दोरा कुठला घालू?" म्हणत त्यांनी दोन रिळं पुढं केली. मी ती पुलाच्या सावलीतून बाहेर उन्हात नेली, आलटून पालटून पाहिली आणि घरी फोन लावला.