गाठ कसली?

१८ जून, पेडणे
रात्रभर पाऊस. शेजारच्या भाईंच्या कुत्र्याच्या, राजाच्या, मांडीवर सुपारीएवढी गाठ आलीय. वहिनींनी ती चार वेळा दाबून पाहिली आणि मांडी लाल होऊन सुजली. डॉक्टरांनी बारीक सुईने पेशी काढून काचपट्टीवर घेतल्या : मास्ट सेल ट्यूमर. या पेशींत हिस्टामिन भरलेलं असतं, गाठ चोळली की ते बाहेर पडतं. भाईंच्या मुलाचा मुंबईहून त्यांना फोन : "बाबा, आता टार्गेटेड गोळ्या निघाल्यात, त्याच देऊया."

२० जून
निघाल्यात खऱ्या. पेशीवर 'किट' नावाचं प्रथिन असतं. वाढीचा निरोप आला की ते जागं होतं. काही कुत्र्यांच्या गाठींत त्याच्या जनुकातच बिघाड असतो, मग निरोप नसतानाही वाढ चालूच. टोसेरॅनिब ती अडवतं. अमेरिकेत खास कुत्र्यांच्या कर्करोगासाठी मंजूर झालेलं ते पहिलं औषध, २००९ सालचं. माणसांचं इमॅटिनिबही किटला रोखतं. कुत्र्यांवर ते वापरून पाहिलंय. नोव्हार्टिस कंपनीचा त्यावरचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ला फेटाळला आणि स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली. हे भाईंना सांगायचं धाडस होत नाही. उद्या फार्मसीतून परस्पर आणतील, आणि यकृत कोण तपासणार?

२४ जून, डिचोली
बाजाराच्या कडेला एक कुत्री, मागून रक्त ठिबकतंय. लोक 'हाड्' करून पुढे. हाही बहुधा कर्करोगच, पण अजब : त्या पेशी तिच्या स्वतःच्या नसतात. काही हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका कुत्र्याच्या पेशी समागमातून अंगाअंगांत फिरत आजवर जिवंत आहेत. यावर नवं काही लागत नाही. व्हिन्क्रिस्टिनची इंजेक्शनं, आठवड्याला एक, आणि बहुतेक कुत्री काही आठवड्यांत बरी होतात. औषध निघालं सदाफुलीतून; इथे ती कुंपणाकुंपणाला फुललेली असते. नसबंदीने हा रोगही आटतो, पण तिचं समर्थन करताना रेबीजपलीकडे कुणी बोलत नाही. एका प्राणिमित्राला फोन केला. तो म्हणाला, धरायला जाळी घेऊन येतो.

२७ जून, पेडणे
राजाच्या लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या. डॉक्टर म्हणतात, आधी शस्त्रक्रिया, भोवतीची निरोगी कातडीही धरून. गाठ एकच आणि सौम्य निघाली तर बरेचदा तेवढ्यावर भागतं. मुलगा नाराज. सोमवारची वेळ मिळालीय. किटची तपासणी करायची की नाही, ते पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर.