पांचवा बोअर

यंदाच्या मार्च महिन्यांत एका संध्याकाळीं अंबड तालुक्यांतील आमच्या गांवाहून धाकट्या भावाचा फोन आला. मळ्यांत आणखी एक बोअर घ्यावयाचा आहे, गाडी शेजारच्या गांवीं आलेलीच आहे, ती परत तामिळनाडूकडे वळण्यापूर्वीं निर्णय झाला पाहिजे, आणि निर्णय म्हणजे अर्थातच पैसे, असा त्या निरोपाचा सारांश होता. "दादा, हा शेवटचा," असें त्यानें निक्षून सांगितलें. हा पांचवा होता. मागचे चारही शेवटचेच होते. आम्हीं "बरें, पाठवितों" असें म्हणून फोन ठेवला. यांत विशेष असें कांहींच नाहीं. जालना जिल्ह्यांत त्या संध्याकाळीं अशीं संभाषणें कितीतरी घरीं झालीं असतील. विशेष असलेंच तर इतकेंच कीं, त्याच दिवशीं सकाळीं आम्ही वर्गांत जेव्हन्स शिकवून आलों होतों.

ज्या वाचकांनीं अर्थशास्त्राची वाट कधीं तुडविली नसेल त्यांच्यासाठीं हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज पंडितानें १८६५ सालीं इंग्लंडच्या दगडी कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला. वाफेचीं यंत्रें सुधारलीं, तेवढ्याच कामाला कोळसा कमी लागूं लागला, तेव्हां आतां कोळसा वांचेल असें लोकांस वाटलें. जेव्हन्स म्हणाला, वांचणार नाहीं. काम स्वस्त झाल्यामुळें तो उलट अधिकच जळेल. हें विलायती उदाहरण सांगून झालें कीं आम्ही ठिबकाकडे वळतों. ठिबकाच्या नळ्यांनीं झाडामागें पाणी वांचलें हें खरें; परंतु तें वांचलेलें पाणी जमिनीच्या पोटांत राहिलें नाहीं, तें पुढच्या एकरांतील नव्या मोसंबीला गेलें. मुलें माना डोलावितात. त्यांतील पुष्कळांच्या घरीं मोसंबी आहे, आणि ज्यांच्या घरीं नाहीं त्यांना ती लावावयाची आहे. आमच्या मळ्यांत ठिबक २०१७ सालीं आलें. दोन एकरांची बाग चार एकरांची झाली. पांचवा बोअर त्याच्या पुढच्या दोन एकरांसाठीं होता.

आमचे एक वकील मित्र आहेत. हवामान बदलत आहे हें त्यांस मुळींच मान्य नाहीं. "अहो प्राध्यापक, दुर्गादेवीचा दुष्काळ पडला तेव्हां मोटारी कोठें होत्या?" हा त्यांचा हुकमी एक्का. आम्ही त्यांस सांगतों कीं, हवेंतील कर्बवायु वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशेब आर्‍हेनियस नांवाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानें १८९६ सालींच मांडून ठेवला आहे. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ सालीं मोजणी सुरू झाली तेव्हां हा वायु हवेच्या दहा लाख भागांत सुमारें ३१५ भाग होता, तो आज ४२० च्याही वर गेला आहे. वकीलसाहेब आंकडे शांतपणें ऐकून घेतात आणि चहा मागवितात. नाकबुली म्हणतात ती हीच, असें आम्हांस पुष्कळ वर्षें वाटत होतें. आतां तसें वाटत नाहीं. वकीलसाहेब निदान खटला लढवितात. आमच्यासारख्यांना फिर्यादींतील प्रत्येक कलम कबूल, साक्षीपुरावा कबूल, दंडसुद्धां कबूल. दंड भरावयाची तारीख तेवढी पुढची मिळावी, एवढेंच आमचें म्हणणें असतें.

जालना शहराला पाण्याचें शहाणपण कधीं नव्हतेंच असें मात्र नाहीं. पश्चिमेस मोती तलाव आहे. त्याचें पाणी जमिनीखालच्या नळांनीं गांवांतील हौदांत आणलें होतें असें जुनें गॅझेटियर सांगतें. निजामाच्या अमदानींत घाणेवाडीचा तलाव झाला, आणि तेथील पाणी नुसत्या उतारानें शहरांत येऊं लागलें. त्यास ना इंजिन लागे ना वीज. पुढें शहर वाढलें, पैठणच्या जायकवाडीहून नळ आला. तें पाणी वीज खाऊन चढ चढतें.

परंतु या सर्वांत आम्हांस अधिक अभिमान वाटतो तो एका साध्या लोखंडी वस्तूचा, आणि जालन्यांतील फारच थोड्या लोकांना ती आपली म्हणून ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या मागेंपुढें येथील ख्रिस्ती मिशनच्या पाणीकामांत असलेल्या कारागिरांनीं एक हातपंप घडविला. त्यापूर्वींचे बिडाचे पंप एखाद्या कुटुंबाच्या बेताचे होते. सबंध गांव दिवसभर त्यांवर तुटून पडलें कीं ते महिन्या-दोन महिन्यांत निकामी होत. या नव्या पंपास 'जालना पंप' असेंच नांव पडलें. सोलापुरास त्यांत सुधारणा झाली, आणि त्यांतूनच पुढें युनिसेफच्या साह्यानें 'इंडिया मार्क टू' निघाला. आज आफ्रिकेंतील खेड्यांतूनही बायाबापड्या त्याच वंशांतल्या पंपाचा दांडा हालवीत असतात. या पंपाचा एक गुण कोणत्याही माहितीपत्रकांत सांपडणार नाहीं. त्याला माणसाचा हात लागे, आणि हात दुखूं लागला कीं माणूस थांबे. दोन घागरी, चार घागरी, फार तर सहा. भूजल वांचविणारा एवढा कडक कायदा पुढें कोणत्याही सरकारास करतां आला नाहीं.

केला नाहीं असें नव्हे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानें शेतीसाठीं व कारखान्यासाठीं ६० मीटरांहून खोल, म्हणजे दोनशे फुटांखालीं, विहीर घेण्यास मनाई केली आहे. आमच्या मळ्यांतील चौथा बोअर साडेतीनशे फूट आहे. विजेच्या मोटारीचा हात दुखत नाहीं. आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीज फुकट झाली, त्याच सुमारास सौर पंपही मागेल त्याला मिळूं लागले. सूर्याच्या विजेविरुद्ध बोलण्याचें पातक आम्ही करणार नाहीं. कोळशापेक्षां ती शतपटीनें बरी. पण खालीं जो काळा पाषाण आहे, त्याला वरची वीज कोळशाची कीं सूर्याची याचें काय सोयरसुतक? साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा तो खडक. त्याच्या वरच्या झिजलेल्या मुरमांत आणि भेगांत जेवढें पावसाचें मुरेल तेवढेंच आपलें. त्याखालीं बहुधा घट्ट दगड, आणि क्वचित् एखाद्या फटींत वर्षानुवर्षें सांचलेला थोडा सांठा.

आमची आई ७२ च्या गोष्टी सांगत असे. आम्ही तेव्हां पाळण्यांत होतों. अमेरिकेचा तांबडा मिलो, सुकडी, खडी फोडावयास गेलेलीं घरंदाज माणसें, हें सारें तिच्या बोलण्यांत येई; परंतु पिण्याला पाणी नव्हतें असें ती म्हणत नसे. चाळीस फुटांच्या विहिरीनें तळ दाखविला तरी तळाशीं घागर बुडे. धान्य नव्हतें, पाणी होतें. त्याच १९७२ सालीं अमेरिकेंत 'द लिमिट्स टू ग्रोथ' नांवाचें पुस्तक निघालें; मर्यादित पृथ्वीवर अमर्याद वाढ चालावयाची नाहीं, असें तें सांगत होतें. चाळीस वर्षांनीं, २०१२ च्या पावसाळ्यानें दगा दिला तेव्हां, आमच्या गांवच्या रेशनच्या दुकानांत धान्याचीं पोतीं होतीं आणि चौकांत टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींची रांग होती. वडिलांनीं लावलेली मोसंबीची बाग २०१३ च्या उन्हाळ्यांत वाळली. विकतच्या पाण्यानें ती कांहीं दिवस जगविली, मग सरपणाच्या भावानें विकली. झाडें तोडलीं त्या दिवशीं वडील मळ्याकडे फिरकले नाहींत. घरांत बसून जुन्या पावत्या लावीत होते.

आमच्याकडे पाण्यावरचें कोणतेंही भाषण कडवंचीचें नांव घेतल्यावांचून संपत नाहीं. नांव घेण्यासारखेंच तें गांव आहे. तेथें आधीं शिवारभर बांधबंदिस्ती झाली, पाणी मुरलें, आणि मागाहून द्राक्षें व शेततळीं आलीं. आमच्या गांवानें त्यांतील शेततळें तेवढें उचललें. प्लॅस्टिक अंथरलेल्या त्या तळ्यांत पावसाचें पाणी थोडेंच येतें. हिवाळ्यांत बोअर चालवून तें भरावयाचें, आणि मग उन्हानें त्यांतला वांटा वर न्यावयाचा. जमिनीखालीं झांकून ठेवलेलें पाणी बाहेर काढून उन्हांत ठेवण्याला आम्ही जलसंधारण म्हणतों.

भावास नांवें ठेवणें सोपें आहे. शहरांतल्या आमच्या घराची गोष्ट मात्र आम्हीं अद्याप कोणास सांगितलेली नाहीं. २०१६ चा उन्हाळा. मिरजेहून लातुरास रेल्वेनें पाणी जात होतें, जायकवाडी मृत सांठ्याखालीं गेली होती, आणि नळाचा भरवसा उरला नव्हता. आम्हीं अंगणांत तीनशे फूट बोअर घेतला. पाणी लागलें, बायकामुलांनीं टाळ्या वाजविल्या. आमच्या भिंतीपलीकडे एका वृद्ध विधवा बाईंचें घर. त्यांच्या परसांत एक हातपंप होता. पहांटे साडेचारास त्याचा करकर आवाज येई, आणि त्यावर आम्ही कित्येक वर्षें उठत होतों. बोअर झाल्यावर तीन आठवड्यांनीं एके दिवशीं आम्हांस उशिरा जाग आली.

आम्ही भेटावयास गेलों. काकूंनीं दांडा हालवून दाखविला; खालून नुसती हवा येत होती. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच त्या म्हणाल्या, "दोन वर्षं पाऊसच नाही, बाबा. पंपाचा काय दोष?" पाऊस कमी होता हें खरेंच होतें. आम्ही म्हणालों, "हो ना काकू, पाऊसच कमी." त्या दिवसापासून आम्हीं आमच्या नळाची एक नळी भिंतीवरून त्यांच्या हौदांत सोडली. त्याबद्दल त्या आम्हांस मरेपर्यंत आशीर्वाद देत राहिल्या. आम्ही ते घेत राहिलों.

गेल्या वर्षीं, सप्टेंबर २०२५ मध्यें, मराठवाड्यावर पाऊस असा कोसळला कीं सोयाबीन पाण्यांत उभें कुजलें आणि नदीकांठच्या शेतांतली माती वाहून गेली. तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि तें एकदम टाकते, हें आम्ही मुलांना फळ्यावर काढून दाखवितों. वकीलसाहेब म्हणाले, "कोठें आहे तुमचा दुष्काळ?" भाऊ म्हणाला, "दादा, विहीर कांठोकांठ आहे. दोन एकर मोसंबी वाढवून टाकूं." विहीर भरली म्हणून बाग वाढवावयाची, आणि बाग वाढली म्हणून बोअर घ्यावयाचा, हा क्रम आम्ही जेव्हन्सच्या आधारें वर्गांत किती वेळां मांडला असेल! फोनवर तो मांडावयास पांच मिनिटेंही लागलीं नसतीं.

बोअर रात्रीं झाला. भावानें पाणाड्यास आधीं बोलाविलें होतें. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला ती जागा धरली. आम्ही गेलों नव्हतों. दर अर्ध्या तासानें फोन येत होता. दोनशे फूट, कोरडा. तीनशे फूट, नुसता करडा फुफाटा. साडेतीनशेच्या पुढें फुटाचा दर वाढतो, थांबूं का? आम्हीं थांबूं नको म्हटलें. चारशेवीस फुटांवर भुकटी ओली झाली, आणि मागें गाडीच्या घरघरीवर चढलेला भावाचा आवाज आला, "लागलं, दादा! दोन इंची आहे!" फार बरें झालें, असें आम्ही म्हणालों, आणि तें मनापासून म्हणालों. बांधाला लागून पलीकडे ज्यांची विहीर आहे त्यांचें काय, हें विचारावयाचें आमच्या ओंठांवर आलें होतें. तेवढ्यांत त्यानें मोटारीची किंमत सांगितली, आणि बोलणें तिकडे वळलें.