कंट्रोल-एस आणि एक माफी

लेहमधला माझा दुसरा हिवाळा. बाहेर उणे १५, आत बुखारी पेटलेली, आणि मी बोटं उघडी राहतील असे हातमोजे घालून युनिटच्या जुन्या लॅपटॉपवर टाइप करत बसलेलो. काम आपल्याच माणसांचं होतं. युनिटमधून निवृत्त झालेले जवान आणि दिवंगत साथीदारांच्या पत्नी यांची अडकलेली पेन्शन-प्रकरणं एकेक पत्र वाचून यादीत चढवायची होती. लॅपटॉपवर लिनक्स होतं. यादी मी टर्मिनलमधल्या ‘व्हिम’ या एडिटरमध्ये करत होतो. ते नुकतंच शिकलो होतो आणि नवशिक्याला हौस फार.

रात्री साडेदहाला चाळिसावं नाव झालं आणि स्क्रीन गोठली. कर्सर ढिम्म. एंटर, एस्केप, पुन्हा एंटर. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. पुन्हा फाइल उघडली तर व्हिमने लांबलचक इशारा दाखवला. तो न वाचताच मी ‘डिलीट’चं अक्षर दाबलं. बसल्यापासून एकदाही सेव्ह न केलेली चाळीस नावं गेली.

आमच्या हवालदार क्लर्कने आदल्याच दिवशी त्या मशीनवर हिंदी टायपिंगची सोय बसवली होती. सकाळी चार माणसांसमोर मी त्याला नको ते बोललो. तो सावधानमध्ये उभा राहून ऐकत होता. एक शब्द बोलला नाही.

आठवड्याने, यादी पुन्हा टाइप करताना, पुन्हा तेच. या वेळी टेलिफोनची लाइन बघायला आलेला सिग्नल्सचा एक तरुण नायक खोलीत होता. त्याने मान वाकवून पाहिलं. “साब, कंट्रोल-क्यू दबाइए.” दाबलं, आणि मघापासून मी रागाने बडवलेल्या सगळ्या कळा धडाधड स्क्रीनवर उतरल्या. मशीन बंद पडलंच नव्हतं. ते सगळं ऐकत होतं, फक्त दाखवत नव्हतं.

दोष माझ्या बोटांचा. विंडोजवर वर्षानुवर्षं काम केल्याने थकल्यावर सेव्ह करायला हात कंट्रोल-एसकडेच जातो. टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ ‘थम’. ही टेलिप्रिंटरच्या जमान्याची देणगी. १९६३ च्या टेलिटाइप मॉडेल ३३ वर कागदी पट्टी वाचणारं यंत्र थांबवायला हाच संकेत होता आणि सुरू करायला कंट्रोल-क्यू. खडकवासल्याच्या परेड ग्राउंडवर आम्हाला ‘थम’ मिळाल्यावर पुढच्या हुकुमाशिवाय पापणीही हलवायची नसे. टर्मिनल बिचारं तेवढंच शिस्तीत वागत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच चार माणसांसमोर हवालदाराला म्हटलं, “गलती मेरी थी. मशीन की भी नहीं, तुम्हारी तो बिल्कुल नहीं.” तो थोडा अवघडला. मग कपाटातून एक रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. त्या आठवड्यात सगळी पत्रं वाचून त्याने यादी हाताने लिहून काढली होती. “साब, बयालीस नाम हैं. दो आपसे छूट गए थे.”

त्यानंतर मी हा विषय मुळापासून धरला. टर्मिनलमध्ये दाबलेली कळ थेट प्रोग्रामपर्यंत जात नाही. ती अर्जासारखी ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ जाते: आधी डेस्कटॉप, मग टर्मिनलची खिडकी, मग कर्नलमधला टीटीवाय, आणि शेवटी बॅश शेलची रीडलाइन किंवा व्हिमसारखा प्रोग्राम. मधला कोणीही अर्ज दाबून ठेवू शकतो. ऑल्ट-एफने एक शब्द पुढे जायचं, पण पुष्कळदा खिडकीचा फाइल मेनूच उघडतो. ‘डॉट इनपुटआरसी’ फाइलमध्ये मी कंट्रोल-डब्ल्यूला नवं काम दिलं, तरी ते जुनंच करत राहिलं, कारण टीटीवायकडे शब्द खोडण्यासाठी त्या कळेची नोंद आधीच होती आणि रीडलाइन ती नोंद वरची मानते. मी दोन संध्याकाळ स्पेलिंगच्या चुका शोधत होतो!

अर्ज कुठे अडलाय हे पाहायची युक्ती सोपी आहे. शेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबा आणि मग संशयित कळ. खुणेची अक्षरं उमटली तर कळ शेलपर्यंत पोचते. काहीच उमटलं नाही तर वरच्या कचेरीत चौकशी करा.

कंट्रोल-एसची ‘थम’ काढायला ‘डॉट बॅशआरसी’ फाइलमध्ये एकच ओळ लागते: एसटीटीवाय, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून आयएक्सऑन. मात्र फाइलच्या सुरुवातीला ‘शेल माणूस वापरत असेल तरच पुढे जा’ ही अट असावी, नाहीतर दुसऱ्या मशीनवरून फाइल कॉपी करताना विनाकारण तक्रारी येतात. हे केल्यावर कंट्रोल-एस एका चांगल्या कामाला मोकळं होतं. जुने कमांड मागे शोधायला कंट्रोल-आर असतं, आणि शोधात पुढे निघून गेलात तर कंट्रोल-एसने परत येता येतं.

बदलीच्या वेळी हँडिंग-टेकिंगच्या कागदांत लॅपटॉप होता, चार्जर होता, माउससुद्धा होता. मी बदललेल्या कळांची यादी नव्हती. महिन्याभराने माझ्या जागी आलेल्या मेजरचा फोन आला, “सर, या मशीनचं कंट्रोल-डब्ल्यू बिघडलंय. क्लर्कला विचारलं, तो म्हणतो त्याने हात लावला नाही.”

“त्याला काही बोलला नाहीस ना?” मी आधी तेवढंच विचारलं.