बंदुकीवाचून शिकारयात्रा

शिकारीचा बेत म्हटला म्हणजे दूरचे रान, बंदूक आणि सढळ पैसा हीच कल्पना मनात येते. आम्हां बीडकरांस मात्र उत्तरेकडील गौताळ्याचे रान अल्प खर्चात गाठता येते. शहागडास गोदावरी ओलांडून छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर, आणि तेथून वेरूळवरून कन्नड आणखी सुमारे ६०. दोन कुटुंबांनी मिळून एक मोटार ठरवावी, दशम्या, चटणी व पाणी घरून न्यावे, मुक्काम कन्नडास करावा आणि रानात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी.

बंदूक मात्र बेतातून वगळावी. शिकारीच्या हौसेचे मोल देशाने मोजले आहे. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पुढे १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांस संरक्षण मिळाले, व १९८६ साली येथील सुमारे २६० चौरस किलोमीटर रान अभयारण्य ठरले. त्याचे पूर्ण नाव ‘गौताळा औट्रमघाट’. खानदेशात १८२५ साली भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम वाघांचा नामांकित शिकारी होता. आज त्याच्याच नावाच्या रानात बिबट्या व मोर निर्भय आहेत.

तथापि शिकाऱ्याची विद्या टाकाऊ नव्हे. पाणवठ्याच्या चिखलातील पाऊल ओळखणे, वाऱ्याचा रोख पाहणे, तासभर मौन राखणे, हे आपण मुलांस अवश्य शिकवावे. शेवटचा बार तेवढा राहू द्यावा.