मुलकी कोंबड्या आणि लष्करी भात

चिपळूण,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. मृणालिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मॅडिसनला बर्फ पडू लागल्यापासून परसातल्या कोंबड्या खुराड्याबाहेर पाऊल टाकीत नाहीत, घरात उरलेला भात मात्र त्या मोठ्या आवडीने खातात, आणि शेजारीण त्यांच्या पाण्यात जीवनसत्त्वांची पूड घालण्याचा आग्रह धरते, हे सारे कळले. ‘आजीच्या कोंबड्यांना असली औषधे कोणी दिली होती?’ हा तुझा सवालही वाचला. थोडे सविस्तर लिहितो, कारण जीवनसत्त्व नामक वस्तूचा सुगावा मनुष्याला लागला तोच मुळी भात खाणाऱ्या कोंबड्यांमुळे.

जावा बेटावर डचांचा अंमल असताना बेरीबेरीने फौजेतील शिपाई आणि तुरुंगांतील कैदी पटापट दगावत होते. पाय लुळे पडत, अंगावर सूज चढे आणि अखेर हृदय थके. त्या काळी प्रत्येक रोगाच्या मुळाशी जंतू शोधण्याची रीत असल्यामुळे या रोगाचाही जंतू सापडेल अशा भरवशाने बटाव्हियाच्या लष्करी इस्पितळात एक प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि १८८८ साली तिचा कारभार क्रिस्तियान आइकमान या तरुण डॉक्टराकडे आला. त्याने रोग्यांचे रक्त टोचून पाहण्यासाठी कोंबड्या पाळल्या. त्या लंगडू लागल्या, मान टाकू लागल्या, परंतु ज्यांना काहीच टोचले नव्हते त्याही तशाच लुळ्या पडल्या, आणि पुढे नोव्हेंबराच्या अखेरीस तो रोग आपोआप नाहीसा झाला. चौकशीअंती उलगडा झाला तो असा की, प्रयोगशाळेच्या नोकराने काटकसरीखातर इस्पितळाच्या मुदपाकखान्यातील पांढराशुभ्र, सडीक तांदळाचा भात कोंबड्यांना घालण्याची तजवीज केली होती. मध्यंतरी आचारी बदलला, आणि मुलकी कोंबड्यांना लष्करी भात देता येणार नाही असे नव्या आचाऱ्याने साफ सांगितल्यामुळे त्या बिचाऱ्या पुन्हा असडी तांदळावर आल्या व बऱ्या झाल्या. सरकारी अडवणुकीने शास्त्राची अशी सेवा क्वचितच केली असेल!

पुढे व्होर्डरमान नावाच्या अधिकाऱ्याने जावातील सुमारे शंभर तुरुंगांचा शिधा तपासला, तेव्हा असडी तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत हा रोग दहा हजारांत एखाद्यालाच, तर सडीक तांदूळ खाणाऱ्यांत चाळिसांत एकाला, इतकी तफावत आढळली. आइकमानला मात्र भातात काही विष असून कोंड्यात त्याचा उतारा असावा असे वाटत राहिले. अन्नात एखाद्या आवश्यक द्रव्याचा अभाव असल्यानेही रोग होतो ही खरी मेख त्याच्यामागून आलेल्या ग्रेन्सने १९०१ साली ओळखली. नोबेल पारितोषिक १९२९ साली आइकमानला मिळाले, ग्रेन्सला नाही. माझ्या मते न्याय अर्धाच झाला.

आता आजीच्या कोंबड्यांविषयी. भातगिरणीचा कोंडा, कणी, शेणकीतील किडे, वाळवी, कोवळे गवत आणि बारमाही ऊन यांचा बंदोबस्त परड्यानेच केलेला असे, म्हणून बाटली लागली नाही. तुझ्याकडे चार महिने यांपैकी काहीच नाही. उन्हाचे प्रकरण तर तुझ्याच गावी उलगडले: १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत विस्कॉन्सिन विद्यापीठातील हार्ट, स्टीनबॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, घरात कोंडलेल्या पिल्लांचे पाय दुबळे होतात ते प्रकाशाच्या अभावी. कोंबडीच्या उघड्या पायांची कातडी उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व तयार करते. तुमच्याकडचे हिवाळी ऊन त्या कामी फार क्षीण असते, आणि काचेआडून आलेले तर निरुपयोगीच.

म्हणून मुख्य शिधा तयार खाद्याचाच ठेव. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी मिळते त्यात सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि ‘ड’सह सर्व जीवनसत्त्वे हिशेबाने घातलेली असतात, मात्र ती साठवणीत क्षीण होत जातात, तेव्हा दोनेक महिन्यांत संपेल इतकेच पोते आण. कोंबडी दिवसाकाठी १२० ग्रॅमच्या आसपास खाते. वरकड खाऊ त्याच्या दशांशाहून अधिक झाला की पोट भरते आणि पोषण उणे पडते, याचा अर्थ तुझा भात चिमूटभरच हवा. शेजारणीची पूड प्रवासानंतर वा आजारपणात चार दिवस देण्यास हरकत नाही, पण ती रोजची करू नये, कारण ‘अ’ आणि ‘ड’ शरीरात साचतात. ‘क’ तर कोंबडी स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, आपल्यासारखी लिंबासाठी अडून बसत नाही.

ताजे म्हणून कोबीचा गड्डा खुराड्यात टांगून ठेव. त्याला चोची मारण्यात त्यांचा दिवसही जातो, आणि कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात ती खोडही कमी होते. गाजर, लाल भोपळा, मोड आलेले गहू उत्तम. पालक बेताने, कारण त्यातील आम्ल कॅल्शियम अडवते. शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यात असावा. कच्चा राजमा आणि ॲव्होकॅडो मुळीच नको. अंडी घटली म्हणून खाद्याला दोष देऊ नकोस, त्यांना चौदा तासांचा उजेड लागतो आणि डिसेंबरात तुमच्याकडे जेमतेम नऊ तासांचा दिवस असतो. पाणी गोठणार नाही एवढे पाहा, कारण पाणी तुटले की चाराही तुटतो.

काकूने मेतकूट पाठविले आहे, ते मात्र कोंबड्यांसाठी नव्हे. जावईबापूंस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
काका