सनदेनंतरची तीन वर्षं

कोरीट, ता. जि. नंदुरबार

तीर्थस्वरूप दादा,

मुलीला बी.ए. झाल्यावर एलएलबी करायचं आहे, आणि एवढा पैसा घालून हाती काय लागणार हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण घरोघरी हा हिशेब कॉलेजच्या फीवर सुरू होतो आणि फीवरच संपतो. वकिलीला तो पुरत नाही. माझ्या मते या शिक्षणाची मोठी किंमत पदवीच्या तीन वर्षांत नसून वकिलीची सनद मिळाल्यानंतरच्या तीन वर्षांत आहे. ती पेलायची तयारी असेल तर तिला जरूर पाठवावं. नसेल, तर फी कितीही कमी असली तरी हा सौदा तोट्याचा ठरेल.

आधी पदवीचा भाग पाहू. पदवीनंतरची एलएलबी तीन वर्षांची, बारावीनंतरची पाच. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतात. नंदुरबारातच विधी महाविद्यालय असल्याने तिला घरून जाऊन-येऊन शिकता येईल. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, म्हणजे प्रवासाचाही भार हलका. जळगावला किंवा पुण्याला ठेवलं, आणि खोली-मेसचे महिन्याला ८,००० धरले, तर तीन वर्षांचे २ लाख ८८ हजार फीव्यतिरिक्त लागतील. कॉलेजच्या नावासाठी एवढा फरक सोसावा असं मला वाटत नाही, कारण सनद दोन्हीकडे एकच मिळते. सनदेची फीही आता डोईजड राहिलेली नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात ती ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींना १२५. राज्यांच्या बार कौन्सिल पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत घेत होत्या. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त फी घेता येणार नाही, असा निकाल दिला. सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते, तिची फी वेगळी.

आता खरा खर्च. नवा वकील सिनिअरच्या हाताखाली लागतो. सकाळी बोर्ड, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी, पाहायचा, पुकारा झाला की उभं राहून मुदतीचा अर्ज द्यायचा, नकला काढायच्या, पक्षकाराला पुढची तारीख सांगायची. या कामाला ठरलेला पगार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, बंधन नव्हे. त्यात वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी करायला नियमांची मनाई. म्हणजे दुसरीकडे कमवून ही वर्षं काढण्याची वाटही जवळपास बंद.

हे आकड्यात मांडतो. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही आपल्या घराच्या बेताने बदलून पाहा. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. पंचवीस दिवसांचे ७,४२५ झाले. शिकलेली मुलगी बाहेर निदान इतकं तरी कमावेल. कॉलेजच्या ३६ महिन्यांत ही बुडालेली कमाई २,६७,३०० होते. पुढची तीन वर्षं तिला सिनिअरकडून ३,००० मिळाले आणि जाणं-येणं, पुस्तकं, कोट, झेरॉक्स यांत ५,००० गेले, तर महिन्याला पदरचे २,००० आणि बुडालेले ७,४२५ मिळून ९,४२५. तीन वर्षांचे ३,३९,३००. फी सोडून दोन्ही मिळून सहा लाखांवर, आणि यात ज्युनिअरशिपचा वाटा कॉलेजपेक्षा मोठा. सनदेनंतरच्या चौथ्या वर्षापासून खर्च वजा जाता २०,००० सुटू लागले, तर मजुरीपेक्षा वर्षाला दीड लाख जास्त, आणि चार वर्षांत भरपाई. प्रवेशापासून मोजलं तर दहावं वर्ष उजाडतं. आणि ज्युनिअरशिपच्या दुसऱ्या वर्षी कंटाळून तिने वकिली सोडली, तर घातलेलं बहुतेक सगळं गेलं.

तुम्ही म्हणाल, मग बी.एड. किंवा एमपीएससी काय वाईट? दोन्हीकडे जागा निघण्यावर सगळं अवलंबून, आणि जागा नाही निघाली तर पदवी पडून राहते. सनद तशी पडून राहत नाही. शिवाय २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. म्हणजे हीच कठीण तीन वर्षं न्यायाधीशपदाच्या परीक्षेलाही पात्र करतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: आपल्यासारख्या गरीब जिल्ह्यात वकिलाला फी देणार कोण? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे होते, आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याने त्यांना, तसंच सर्व महिलांना, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्या कामाचं मानधन सरकार देतं आणि ते थोडं असतं. पण वाटणीचे दावे, मोटार अपघाताची नुकसानभरपाई, चेक न वटल्याची प्रकरणं, पोटगी, जामीन ही कामं इथेही रोजची आहेत. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ न देणारं महसूल संहितेचं ३६-अ कलम, १९७४ चा जमीन परत मिळवून देण्याचा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा, यांची प्रकरणं न्यायालयात गेली की ती लढायला भाषा आणि गावचा व्यवहार जाणणारा वकील लागतो. बाहेरून आलेल्या वकिलाला जे दुभाष्यामार्फत कळतं, ते आपल्या मुलीला पक्षकाराच्या तोंडून कळेल. मिळकत हळू वाढेल, पण या जाणतेपणावर तिचं नाव होईल.

तिसरं म्हणणं असं की लोकांची बाजू मांडायला पदवी लागत नाही. शहाद्यात अंबरसिंग महाराजांनी आदिवासींच्या जमिनीचा लढा उभारला तो कुठल्या सनदेवर नव्हे, संघटनेच्या बळावर. हे खरं आहे आणि त्याचा मला आदर आहे. पण लढ्याने जे मिळतं ते टिकवायला पुढे अपील, स्थगिती, पुरावा असतो, आणि न्यायालयात दुसऱ्याच्या वतीने उभं राहण्याचा हक्क कायद्याने वकिलाला दिला आहे. संघटना आणि सनद दोन्ही लागतात, आणि सनद घेणारी माणसं आपल्याच गावांतून यायला हवीत.

म्हणून माझी विनंती अशी. घरून जाऊन-येऊन शिकू द्या, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरा, आणि कॉलेजासाठी जमीन गहाण टाकू नका. वाचलेले पैसे तिच्या ज्युनिअरशिपच्या तीन वर्षांसाठी वेगळे ठेवा. आणि लग्नाची बोलणी होतील तेव्हा सनदेनंतर तीन वर्षं ती फारसं कमावणार नाही, तरी कोर्टात जात राहील, ही गोष्ट समोरच्यांना आधीच सांगा. ही तयारी असेल तर तिला या वर्षी सीईटीला बसवा.

आपला,
धाकटा भाऊ